आश्रयाचा दावा ‘विश्वासार्ह नाही’ म्हणून फेटाळला गेल्यास कॅनडाच्या फेडरल कोर्टात काय आणि कसे मांडावे

कॅनडात आश्रय मागणाऱ्या माणसाचा दावा प्रथम इमिग्रेशन अँड रेफ्युजी बोर्डाच्या रेफ्युजी प्रोटेक्शन डिव्हिजनपुढे चालतो, आणि तिथे नकार मिळाल्यास बहुतेकांना त्याच बोर्डाच्या रेफ्युजी अपील डिव्हिजनकडे दाद मागता येते. सोयीसाठी पुढे या दोघांना ‘पहिले मंडळ’ आणि ‘अपील मंडळ’ असे म्हणतो. नकाराच्या आदेशात वारंवार दिसणारे कारण असे असते की दावेदाराने सांगितलेल्या घटनांवर मंडळाचा विश्वास बसला नाही. अपील मंडळाकडूनही नकार आल्यावर उरणारा मार्ग म्हणजे फेडरल कोर्टातील न्यायिक पुनर्विलोकन. या टप्प्यावर आलेली माणसे, त्यांचे नातेवाईक, त्यांच्यासाठी कागदपत्रांची भाषांतरे करणारे, दुभाषे आणि वकिलाच्या कार्यालयात काम करणारे मराठी तरुण यांनी कागद कसे वाचावेत, काय शोधावे आणि वकिलाच्या हाती काय द्यावे, यासाठी हे मार्गदर्शन आहे. वकिलाला ते पर्याय नाही. ऑन्टारियोत राहणाऱ्यांनी पैशांअभावी वकील टाळण्यापूर्वी लीगल एड ऑन्टारियोकडे चौकशी करावी, कारण आश्रयाची प्रकरणे तिच्या सेवेत येतात.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करावी, कारण तिच्याअभावी चांगली प्रकरणे वाया जातात. फेडरल कोर्टातील न्यायाधीश दावेदार खरे बोलतो की खोटे, हे ठरवायला बसलेला नसतो. त्याच्यापुढे दावेदार साक्ष देत नाही आणि पुरावा नव्याने तोलला जात नाही. तो फक्त एवढे पाहतो की पुराव्यापासून ‘विश्वास बसत नाही’ या निष्कर्षापर्यंत मंडळ ज्या वाटेने गेले, ती वाट तर्काने आणि कायद्याने टिकते का. ‘माझा भाऊ खोटे बोलणारा नाही हो’ हे कितीही कळवळून सांगितले, तरी त्या न्यायालयात त्याचा उपयोग नाही. ‘मंडळाने परिच्छेद २३ मध्ये जी विसंगती धरली, ती साक्षीच्या ध्वनिमुद्रणात नाही’ या एका वाक्याचा मात्र मोठा उपयोग होतो. मुंबई उच्च न्यायालयात संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली, म्हणजे रिट याचिकांत, काम केलेल्यांना हा फरक परिचित असेल. तिथेही न्यायालय वस्तुस्थितीवर अपील ऐकत नाही, पण पुराव्याविना किंवा पुराव्याच्या विरुद्ध काढलेला निष्कर्ष रद्द करू शकते. कॅनडात मात्र मुदत कितीतरी कडक आहे आणि अर्ज ऐकला जावा यासाठीही आधी न्यायालयाची परवानगी लागते.

मुदत आणि परवानगी

कॅनडातच दिलेल्या निर्णयाविरुद्धचा अर्ज, निर्णय कळल्यापासून १५ दिवसांत दाखल व्हावा लागतो. हे पंधरा दिवस सुट्ट्यांसकट मोजावेत आणि शेवटचा दिवस गाठण्याच्या भरवशावर राहू नये. दाखल करण्याचे शुल्क ५० डॉलर आहे. मुदत टळलीच, तर वाढीव मुदतीची मागणी त्याच अर्जात करावी लागते, आणि दाद मागण्याचा हेतू सतत होता, प्रकरणात दम आहे, सरकार पक्षाचे नुकसान होत नाही आणि उशिराला पटण्याजोगे कारण आहे, हे चारही मुद्दे प्रतिज्ञापत्राने दाखवावे लागतात. ‘आम्हाला माहीत नव्हते’ एवढ्यावर ते भागत नाही.

अर्ज दाखल झाल्यावर निर्णयाची प्रत, प्रतिज्ञापत्रे आणि लेखी युक्तिवाद असलेला संपूर्ण संच सादर करायचा असतो. नियमांत यासाठी ३० दिवस होते; अर्जांची संख्या फार वाढल्यामुळे २०२५ साली न्यायालयाने विशेष आदेश काढून ही मुदत ७५ दिवसांची केली. असे आदेश बदलू शकतात, म्हणून त्या दिवशी लागू असलेली मुदत न्यायालयाच्या स्वतःच्या सूचनांत पाहून घ्यावी. त्यानंतर एकच न्यायाधीश कागदांवरून परवानगी द्यायची की नाही ते ठरवतो. प्रकरणात वादास पात्र असा मुद्दा आहे का, इतकीच कसोटी असते, पण परवानगी नाकारल्यास सहसा कारणे दिली जात नाहीत आणि त्या नकाराविरुद्ध अपीलही नाही. त्यामुळे लेखी युक्तिवाद हाच बहुतेकांच्या बाबतीत पहिला आणि शेवटचा युक्तिवाद ठरतो. परवानगी मिळाली, तर तोंडी सुनावणी त्यानंतर साधारणपणे ३० ते ९० दिवसांच्या आत ठेवली जाते.

अपील मंडळाच्या नकाराविरुद्ध मुदतीत अर्ज केल्यास देशाबाहेर पाठवण्याचा आदेश सर्वसाधारणपणे आपोआप स्थगित राहतो. ही सवलत सर्वांना नाही. पहिल्या मंडळाने ‘दाव्याला विश्वासार्ह आधारच नाही’ किंवा ‘दावा उघडच निराधार आहे’ असा शेरा मारला असेल, तर अपील मंडळाचे दार बंद होते, थेट फेडरल कोर्टात यावे लागते आणि आपोआप मिळणारी स्थगितीही मिळत नाही. तेव्हा स्थगितीसाठी वेगळा अर्ज करून गंभीर मुद्दा, भरून न येणारी हानी आणि दोन्ही पक्षांच्या सोयी-गैरसोयींचा तोल या तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. म्हणून निर्णय हाती आला की त्याची शेवटची पाने आधी वाचावीत. नेमका कोणता शेरा आहे, यावर पुढचे सगळे वेळापत्रक अवलंबून असते.

निर्णय पेन्सिल घेऊन वाचणे

पहिल्या वाचनात राग येतो, आणि तो येणे साहजिक आहे. ज्याच्या अंगावर वळ आहेत त्याला ‘हे घडल्याचे शक्यतेच्या तुलनेत पटत नाही’ असे छापील वाक्य वाचायला लागणे ही साधी गोष्ट नाही. पण दुसरे वाचन वेगळ्या पद्धतीने करावे. एका कोऱ्या कागदावर उभे चार रकाने आखावेत. पहिल्यात मंडळाचा प्रत्येक अविश्वासाचा निष्कर्ष, परिच्छेद क्रमांकासह. दुसऱ्यात त्यासाठी मंडळाने दिलेले कारण. तिसऱ्यात त्या विषयावर प्रत्यक्ष पुराव्यात काय आहे, म्हणजे साक्षीचे नेमके शब्द व ध्वनिमुद्रणातील मिनिट, ‘बेसिस ऑफ क्लेम’ फॉर्ममधील (दावेदाराने आपली हकिकत लिहून दिलेल्या फॉर्ममधील) ओळ, जोडलेला कागद. आणि चौथ्यात, हा निष्कर्ष काढून टाकला तर निर्णय उभा राहतो का, याचे उत्तर. सुनावणीचे ध्वनिमुद्रण बोर्डाकडून मागवता येते आणि ते मागवल्याशिवाय तिसरा रकाना भरता येत नाही. निर्णयात दिलेला साक्षीचा सारांश म्हणजे साक्ष नव्हे. ध्वनिमुद्रण संपूर्ण ऐकावे, आणि दावेदाराची भाषा ज्याची मातृभाषा आहे अशा माणसाने ऐकावे.

हे काम कसे चालते ते दाखवण्यासाठी एक कल्पित प्रकरण घेतो. मराठवाड्यातील एका खेड्यातला तरुण. त्याने आंतरजातीय विवाह केला, मुलीच्या घरच्यांनी मारहाण केली, धमक्या दिल्या आणि तो कॅनडात आला. फॉर्ममध्ये त्याने हल्ला नोव्हेंबरमध्ये झाल्याचे लिहिले. सुनावणीत तो म्हणाला, ‘पाडव्याला ते घरी आले.’ दुभाष्याने ‘मराठी नववर्षाच्या दिवशी’ असे भाषांतर केले. प्रकरण ऐकणाऱ्या मंडळाच्या सदस्याने पंचांग पाहिले, नववर्ष मार्च-एप्रिलमध्ये येते हे त्याला दिसले, आणि दाव्याच्या मुख्य घटनेच्या तारखेत कित्येक महिन्यांची तफावत असल्याचा निष्कर्ष लिहिला गेला. मराठी माणसाला यातली गोम सांगावी लागत नाही. पाडवे दोन आहेत. चैत्रातला गुढीपाडवा आणि कार्तिकातला दिवाळीचा पाडवा, आणि तो तरुण दुसऱ्याबद्दल बोलत होता.

असे शब्द आपल्या भाषेत पुष्कळ आहेत. ‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही. चुलतभाऊ, मावसभाऊ, आतेभाऊ हे सगळे बोलताना ‘भाऊ’ होतात, आणि भाषांतरात सख्ख्या भावांची संख्या वाढत जाते. काका आणि मामा इंग्रजीत एकाच शब्दात मावतात, पण वडिलांकडचा माणूस आणि आईकडचा माणूस यांतला फरक मालमत्तेच्या किंवा जातीच्या वादात निर्णायक असू शकतो. ‘पोलिसांत गेलो होतो’ यातून तक्रार नोंदवली गेली की नुसतेच ठाण्यापर्यंत जाऊन परत आलो, हे कळत नाही. तक्रार घेतलीच गेली नाही असे दावेदार नंतर म्हणाला, की त्याने आपले म्हणणे बदलल्याची नोंद होते. ध्वनिमुद्रण ऐकताना अशा प्रत्येक जागेवर खूण करावी.

भाषांतरातील चुकीचा मुद्दा मांडण्याची रीतही काटेकोर आहे. फेडरल कोर्ट ऑफ अपीलने, म्हणजे फेडरल कोर्टाच्या वरच्या न्यायालयाने, २००१ च्या मोहम्मदियन निकालात सांगितले की दुभाष्याचे काम अखंड, अचूक, सक्षम, निःपक्षपाती आणि बोलण्याबरोबरच होणारे असले पाहिजे. परिपूर्णतेची अपेक्षा नाही. चुकीमुळे प्रत्यक्ष नुकसान झाल्याचे सिद्ध करण्याची गरज नसली तरी चूक क्षुल्लक असून चालत नाही, आणि आक्षेप पहिल्या शक्य संधीला घ्यावा लागतो. सुनावणीत चूक लक्षात आली असती तर तिथेच, नाहीतर अपील मंडळापुढे. त्यामुळे आपल्या तरुणाच्या वकिलाने अपील मंडळापुढे पाडव्याचा मुद्दा काढलाच नसेल, तर फेडरल कोर्टात तो काढणे कठीण होते, कारण मंडळापुढे न मांडलेला मुद्दा न्यायालय सहसा प्रथमच ऐकत नाही. ज्यांचे प्रकरण अजून अपील मंडळापुढे आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की ध्वनिमुद्रण आत्ताच ऐका. फेडरल कोर्टासाठी पात्र भाषांतरकाराचे प्रतिज्ञापत्र घ्यावे, त्यात मूळ मराठी शब्द, झालेले भाषांतर आणि योग्य भाषांतर समोरासमोर द्यावे. घरातल्या माणसाचे प्रतिज्ञापत्र इथे कमी पडते.

आव्हान कोणत्या निर्णयाला

ही गोष्ट पुष्कळ अर्जांत चुकते. अपील मंडळाने निर्णय दिला असेल, तर न्यायालयापुढे अपील मंडळाचाच निर्णय असतो, पहिल्या मंडळाचा नव्हे. २०१६ च्या हुरुग्लिका निकालानुसार अपील मंडळाने पहिल्या मंडळाचा निर्णय बरोबर आहे की नाही हे स्वतः पुरावा पाहून ठरवायचे असते. साक्ष प्रत्यक्ष ऐकण्याचा खरा फायदा पहिल्या मंडळाला मिळाला असेल, तेवढ्यापुरतेच त्याच्या मताला झुकते माप देता येते. म्हणून प्रत्येक निष्कर्षापुढे लिहावे की अपील मंडळाने तो स्वतः तपासून मान्य केला, नुसता री ओढून मान्य केला, बाजूला ठेवला, की नवाच काढला. अपील मंडळाने एखादी विसंगती बाजूला ठेवली असेल, तर तिच्यावर पाने खर्च करू नयेत. याउलट, दावेदाराला कधीच न विचारलेल्या एखाद्या नव्या कारणावरून अपील मंडळाने अविश्वास दाखवला असेल आणि त्याला उत्तर देण्याची संधी दिली नसेल, तर तो न्याय्य प्रक्रियेचा भंग ठरू शकतो. प्रक्रिया न्याय्य होती का, हे न्यायालय स्वतः ठरवते. तिथे मंडळाच्या मताला झुकते माप नाही. असा मुद्दा सापडला तर तो सर्वांत वर ठेवावा.

तोंडी सुनावणीचा हक्कही याच परंपरेतला आहे, आणि त्याचा भारताशी थेट संबंध आहे. ४ एप्रिल १९८५ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सिंग प्रकरणात निकाल दिला. त्यातले बहुतेक दावेदार शीख होते. माणसाच्या विश्वासार्हतेचा गंभीर प्रश्न असेल तेव्हा त्याला प्रत्यक्ष ऐकल्याशिवाय तो ठरवता कामा नये, हे त्या निकालाने प्रस्थापित केले. आजही, विशेषतः देशाबाहेर पाठवण्यापूर्वीच्या जोखीम-तपासणीत, अधिकारी ‘पुरावा अपुरा आहे’ असे लिहून खरे तर दावेदारावर अविश्वास दाखवतो आणि सुनावणी टाळतो. ‘अपुरा’ या शब्दाच्या मागे काय आहे ते तपासावे. दावेदाराचे म्हणणे संपूर्ण खरे धरले असते तर दावा सिद्ध झाला असता का? उत्तर ‘हो’ असेल, तर तो पडद्याआडचा अविश्वासच आहे.

कोणत्या चुका न्यायालय ऐकते

न्यायालयाची आजची कसोटी १९ डिसेंबर २०१९ च्या वाव्हिलोव्ह निकालातून येते. निर्णयाची कारणे आतून सुसंगत असली पाहिजेत आणि ती वस्तुस्थिती व कायदा यांच्या चौकटीत बसली पाहिजेत. त्रुटी दाखवण्याची जबाबदारी अर्जदाराची असते, आणि ती त्रुटी वरवरची किंवा मुद्द्याच्या कडेची असून चालत नाही. त्याच निकालात असेही म्हटले आहे की न्यायालयाने ओळ न् ओळ धुंडाळत चुका वेचत बसू नये. आणि असेही, की ज्या निर्णयाचे परिणाम एखाद्याच्या आयुष्यावर जितके गंभीर, तितकी त्याची कारणे त्या गांभीर्याला उत्तर देणारी असावीत. पहिले वाक्य सरकारचा वकील हमखास पुढे करेल. दुसरे आपण पुढे ठेवावे.

युक्तिवादाचा पाया जुना आहे. १९८० च्या निकालसंग्रहात आलेल्या माल्डोनाडो निकालानुसार शपथेवर सांगितलेली गोष्ट, तिच्यावर शंका घेण्याचे कारण नसेल तर, खरी मानली जाते. मंडळाला हे गृहीतक बाजूला सारता येते, पण त्यासाठी पुराव्यात कारण दाखवावे लागते, आणि अविश्वास स्पष्ट शब्दांत नोंदवावा लागतो.

सर्वांत जास्त यश जिथे मिळताना दिसते, ती जागा म्हणजे ‘हे संभवत नाही’ असे म्हणून काढलेला निष्कर्ष. २००१ च्या वाल्त्चेव्ह निकालाने सांगितले की असा निष्कर्ष अगदी उघड प्रकरणांतच काढावा, आणि दावेदाराच्या समाजातले वागणे कॅनडातल्या अपेक्षांनी मोजू नये. आपल्या कल्पित प्रकरणात सदस्य लिहितो, ‘जिवाला धोका असलेला माणूस बहिणीच्या लग्नाला गावी परत जाणे संभवत नाही.’ बहिणीच्या लग्नात भाऊ उभा न राहणे म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. पण न्यायालयाला ते समजावून सांगावेच लागते, आणि तेही पुराव्याच्या आधारे. दावेदाराने स्वतः साक्षीत काय कारण दिले? तो रात्री गेला आणि पहाटे परतला, असे तो म्हणाला होता का? मंडळाने त्या उत्तराची दखल घेतली का? दखल घेतली नसेल, तर मुद्दा संस्कृतीचा न राहता दुर्लक्षित पुराव्याचा होतो, आणि तो अधिक भक्कम असतो. केवळ ‘आमच्याकडे असेच असते’ एवढे म्हणून थांबू नये.

विसंगतीच्या बाबतीत भेद करायला शिकावे. हल्ला झाला की नाही, कुणी केला, यावरची विसंगती गाभ्याची. गाडी पांढरी होती की चंदेरी, ही कडेची. १९८९ च्या अट्टाकोरा निकालात फेडरल कोर्ट ऑफ अपीलने, दुभाष्यामार्फत बोलणाऱ्या माणसाच्या साक्षीचे सूक्ष्मदर्शकाखाली विच्छेदन करण्याच्या अतिउत्साहाबद्दल मंडळाला बजावले होते. विमानतळावर, थकलेल्या आणि घाबरलेल्या अवस्थेत अधिकाऱ्याने घेतलेल्या टिपणात तपशील नसणे, आणि फॉर्ममध्ये मुख्य घटनाच नसणे, या दोन गोष्टींचे वजन सारखे नाही. पहिली युक्तिवादाने सावरता येते. दुसरीसाठी सुनावणीत दिलेले स्पष्टीकरण आणि मंडळाने ते नाकारण्याचे कारण, दोन्ही नीट मांडावे लागते. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर तिथे पुष्कळदा मंडळाचेच म्हणणे टिकते. शितावरून भाताची परीक्षा करण्याची मुभा मंडळाला काही प्रमाणात आहे, म्हणजे गाभ्याच्या मुद्द्यांवर साक्ष खोटी ठरली तर बाकीच्या साक्षीवरही अविश्वास दाखवता येतो. पण ते शीत कच्चे होते हे आधी दाखवावे लागते.

‘पुष्टी देणारा कागद आणला नाही’ हे कारणही असेच तपासावे. २०२० च्या सेनाधीरगे निकालात न्यायालयाने याची घडी बसवली: पुष्टी मागण्यासाठी मंडळाकडे काही स्वतंत्र कारण हवे, आणि तो पुरावा वाजवी प्रयत्नांनी मिळण्याजोगा असूनही दावेदाराला तो न आणण्याचे वाजवी स्पष्टीकरण देता आलेले नसावे. पोलिसांनी तक्रारच नोंदवली नाही असे ज्याचे म्हणणे आहे, त्याच्याकडे एफआयआरची प्रत मागणे हे याचे ठळक उदाहरण. बहिणीचे किंवा आईचे पत्र ‘ते आप्ताचे, म्हणून हितसंबंधाचे’ एवढ्याच कारणाने बाजूला सारले असेल, तर तेही टिकत नाही. घरात झालेल्या मारहाणीचे साक्षीदार घरचेच असणार. डॉक्टरांच्या दाखल्याबाबत क्रम पाहावा. आधी दावेदारावर अविश्वास, मग ‘दावेदार विश्वासार्ह नसल्याने दाखल्याला वजन नाही’ असा उलटा क्रम असेल, तर मंडळाने पुरावा पाहून निष्कर्ष काढण्याऐवजी निष्कर्ष काढून पुरावा पाहिला, हे ठासून मांडावे. निष्कर्षाच्या थेट विरुद्ध जाणाऱ्या महत्त्वाच्या कागदाचा निर्णयात उल्लेखच नसेल, तर १९९८ च्या सेपेडा-गुतिएरेझ निकालाचा आधार घेता येतो: कागद जितका महत्त्वाचा, तितके त्याबद्दलचे मौन न्यायालयाला खटकते.

दावा करायला झालेला उशीर हा मुद्दा विचारात घेता येतो, पण एरवी तो एकटा दावा बुडवण्यास पुरेसा नसतो. लैंगिक अत्याचार, समलैंगिकता किंवा मानसिक आघात यांचा संबंध असल्यास बोर्डाच्या अध्यक्षांची मार्गदर्शक तत्त्वे काढून ठेवावीत; सदस्याने ती नुसती नावापुरती उल्लेखली की खरोखर वापरली, हे तपासावे.

दुसरा खांब: मुंबईचा पर्याय

अविश्वासाचे सगळे निष्कर्ष पाडले तरी अर्ज फसू शकतो, आणि भारतातून आलेल्यांच्या बाबतीत याचे नेहमीचे कारण एकच असते. मंडळ म्हणते, ‘तुमची हकिकत खरी धरली, तरी तुम्ही देशातच दुसरीकडे सुरक्षित राहू शकता,’ आणि जे शहर सुचवते ते पुष्कळदा मुंबई, दिल्ली किंवा कोलकाता असते. हा स्वतंत्र आधार असेल, तर त्याला वेगळे आव्हान दिलेच पाहिजे. कसोटी दोन भागांची आहे: त्या शहरात छळाची गंभीर शक्यता नाही ना, आणि तिथे राहायला जाण्याची अपेक्षा करणे वाजवी आहे का. दुसऱ्या भागाचा उंबरठा फार उंच आहे. घरभाडे परवडत नाही, नोकरी मिळणे कठीण आहे, एवढ्याने तो ओलांडला जात नाही. म्हणून बहुतेक वेळा जोर पहिल्या भागावर द्यावा, म्हणजे छळ करणाऱ्यांकडे शोध घेण्याचे साधन आणि इच्छा आहे का यावर. मुंबईत राहिलेल्यांना भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवण्याची पद्धत ठाऊक आहे, आणि अशा नोंदींचा प्रश्न भारतीय दावेदारांच्या निकालांत वारंवार चर्चिला गेला आहे. त्यासंबंधीचा जो पुरावा मंडळापुढे होता, त्याचे मंडळाने काय केले, हे पाहावे. तसेच, नातेवाइकांनी दावेदाराचा पत्ता लपवून ठेवावा अशी अपेक्षा मंडळाने धरली असेल, तर आईने मुलाचा ठावठिकाणा सांगण्यास नकार दिल्यावर तिच्यावर काय ओढवेल, हा प्रश्न न्यायालयापुढे जरूर ठेवावा.

मुंबईचा निष्कर्ष स्वतःच अविश्वासावर उभा आहे का, हेही शोधावे. ‘सासरच्या मंडळींना त्याला शोधण्याची इच्छा नाही, कारण हल्ला झालाच नाही’ असे मंडळाचे म्हणणे असेल, तर हल्ल्यावरचा निष्कर्ष पडला की मुंबईचाही पडतो. चौथा रकाना यासाठीच आखला होता.

लेखी युक्तिवाद

दहा मुद्दे लिहू नयेत. दोन किंवा तीन निवडावेत, ज्यांच्यावाचून निर्णय उभा राहत नाही असे. प्रत्येक मुद्द्यात मंडळाचे वाक्य परिच्छेद क्रमांकासह द्यावे, मग पुराव्यातली जागा पान किंवा मिनिटासह, मग चूक कोणत्या प्रकारची आहे ते, आणि शेवटी तिचा निकालावर काय परिणाम झाला ते. आपल्या तरुणाच्या बाबतीत, मुद्दा अपील मंडळापुढे मांडला गेला असल्यास, मी पाडव्याचा मुद्दा पहिला ठेवीन, कारण मुख्य घटनेवरचा अविश्वास त्याच एका तारखेवर बेतलेला आहे, लग्नाचा दुसरा, आणि मुंबईचा तिसरा. मारहाणीचे वर्णन एका परिच्छेदात आटोपीन. ते वगळू नये, पण न्यायाधीशाला दया यावी म्हणून लिहिलेली पाने त्याला मंडळाच्या तर्कापासून दूर नेतात.

मंडळापुढे नसलेला नवा पुरावा, मग तो कितीही बोलका असो, इथे सहसा स्वीकारला जात नाही. प्रक्रियेतील अन्याय दाखवणारे प्रतिज्ञापत्र हा मुख्य अपवाद, आणि भाषांतरकाराचे प्रतिज्ञापत्र त्यात बसते. आधीच्या वकिलाने चूक केली असे म्हणायचे असेल, तर त्या वकिलाला आधी लेखी कळवून उत्तराची संधी द्यावी, असा न्यायालयाचा दंडक आहे. तो पाळल्याशिवाय केलेला आरोप ऐकला जात नाही. सरकारच्या उत्तरात ‘अर्जदार पुराव्याचे फेरवजन करायला सांगत आहे’ हे वाक्य असणारच. त्याला उत्तर म्हणून आपले प्रत्येक वाक्य स्वतःच तपासावे. ‘मंडळाने आईच्या पत्राला जास्त महत्त्व द्यायला हवे होते’ असे लिहिले असेल, तर ते फेरवजनच आहे. ‘मंडळाने आईच्या पत्रात हल्ल्याचा उल्लेख नाही असे म्हटले, परंतु पत्राच्या दुसऱ्या परिच्छेदात तो आहे’ असे लिहिता येत असेल, तर ते लिहावे.

अर्ज मंजूर झाला, म्हणजे आश्रय मिळाला असे होत नाही. न्यायालय निर्णय रद्द करून प्रकरण वेगळ्या सदस्याकडे फेरनिर्णयासाठी पाठवते, आणि तो नवा सदस्य योग्य कारणे देऊन पुन्हा नकारही देऊ शकतो. अर्ज नामंजूर झाला, तर वरच्या न्यायालयात जाण्यासाठी न्यायाधीशाने सर्वसाधारण महत्त्वाचा गंभीर प्रश्न प्रमाणित करावा लागतो, आणि ते क्वचितच घडते. त्यामुळे प्रकरण परत आल्यास नव्या सुनावणीपूर्वीच फॉर्ममधील तारखा इंग्रजी महिना आणि वर्षासह दुरुस्त कराव्यात, प्रत्येक नातेवाइकाचे नाते आईकडून की वडिलांकडून ते लिहावे, आणि दावेदाराने सणाचे नाव घेतले की तो कोणता, हे त्याच वाक्यात सांगण्याची सवय त्याला सुनावणीच्या आधी लावावी.